लहान मुलांना स्वतःची ओळख व्हावी म्हणून डिजिटल पोर्टफोलिओचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की तिसरी-चौथीच्या मुलांचं काम फोनवर किंवा टॅबवर साठवत गेलं, म्हणजे डिजिटल पोर्टफोलिओ केला, तर त्यातून मुलाला स्वतःबद्दल काही कळतं का, आणि त्यासाठी कुठलं ॲप घ्यावं. ॲपचं शेवटी सांगते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असंच आहे, मी वर्गात बघितलंय. मात्र काय ठेवायचं ते मुलानं ठरवायला हवं आणि जुनं काम पुसायचं नाही. यातलं एक जरी सुटलं तर तो फोटोंचा अल्बम होतो, आणि अल्बम बघून कुणी शिकत नाही.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. मुलांच्या घरी मराठी, बाजारात कन्नड. पाठ्यपुस्तकं कर्नाटक सरकारची, मराठीतली. शिवाय कन्नड आणि इंग्रजी हे विषय आहेतच. आमच्याकडे माझा फोन आणि गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेला एक टॅब, एवढंच साहित्य. जुलैत पाऊस लागला की वीज जाते, रेंजही जाते. त्यामुळे जे काही करते ते इंटरनेटशिवाय चालेल असंच करते.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाकडून एक पान मोठ्यानं वाचून घेते आणि रेकॉर्ड करते. मुलाच्या हजेरी क्रमांकाचं एक फोल्डर, त्यात ते रेकॉर्डिंग. सप्टेंबरात पुन्हा एक, दसऱ्याच्या सुट्टीआधी. मग दोन्ही त्यालाच ऐकवते.

एका मुलाचं सांगते. इअरफोन कानाला लावला आणि पहिलंच वाक्य, "ह्यो माझा आवाज नव्हं, बाई." सगळीच मुलं असं म्हणतात. बोलताना आपला आवाज हवेतून कानात येतो तसा कवटीच्या हाडांतून आतूनही पोचतो, म्हणून आपल्याला तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतून येणारा भाग नसतो. हे सांगितल्यावर अख्खा वर्ग कानात बोटं घालून 'म्म्म' करत बसला होता. त्या मुलानं मग जूनचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा पुस्तक उघडून ओळींवरून बोट फिरवत ऐकलं, आणि मान वर करून म्हणाला, "मी टिंबावर थांबतच नाही." हे मी त्याला जूनपासून सांगत होते. माझ्या सांगण्यानं जे पोचलं नाही ते त्याच्याच आवाजानं पोचवलं. सप्टेंबरचं ऐकल्यावर म्हणाला, "आता लई थांबायलोय." तेही अगदी बरोबर होतं, तो शब्दाशब्दाला थांबत होता. पुढचा महिनाभर त्याचं त्यानंच वाचन बसवलं.

मुलाला स्वतःची ओळख व्हावी असं आपण म्हणतो तेव्हा मोठमोठं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. या वयात ती ओळख इतकीच असते: मला नेमकं काय येतं, कुठं अडतं आणि अडल्यावर मी काय करतो. आपल्या विचारावर आपणच लक्ष ठेवण्याच्या या क्षमतेबद्दल जॉन फ्लॅवेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात लिहिलं आणि तिला मेटाकॉग्निशन हे नाव दिलं. सहा-सात वर्षांचं मूल साधारणपणे "मला सगळं येतं" म्हणतं. आठव्या-नवव्या वर्षी ते शेजारच्याशी तुलना करायला लागतं आणि एकदम "मला काहीच येत नाही" वर जाऊन बसतं. तिसरी-चौथी हे नेमकं ते वळण आहे. तिथं मुलाला तुलना करायला त्याचंच जूनमधलं काम द्यावं, म्हणजे शेजारच्याच्या वहीकडे जाणारी नजर थोडी आपल्या वहीकडे वळते.

आमच्या सीमाभागात हे "काहीच येत नाही" बहुतेक वेळा कन्नडवर येऊन थांबतं. माझ्या वर्गातली एक मुलगी कन्नडचा तास आला की मान खाली घालायची. "मला कन्नड येत नाही" हे तिनं पक्कं धरलं होतं. तिची आई आठवडी बाजारात भाजी विकते आणि सुट्टीच्या दिवशी ही सोबत बसते. आईला सांगून चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग मागवलं. मेथीच्या पेंडीवरून ही पोरगी एका बाईंशी कन्नडमध्ये भाव करतेय, हिशेब सांगतेय, सुटे पैसे परत देतेय, कुठं अडखळणं नाही. ते तिनं वर्गात ऐकलं आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बोलायला येतंय की मला. खरं वाचायला येत नाही." (आमच्याकडे 'पण' च्या जागी 'खरं' म्हणतात.)

एवढं वेगळं करता आलं आणि काम सोपं झालं. कन्नडच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो काढला आणि जिथं अडतेस तिथं टॅबवर बोटानं गोल कर म्हटलं. अकरा गोल झाले. तिनंच ते बघून सांगितलं की या सगळ्या शब्दांत अक्षराच्या खाली अजून एक अक्षर लोंबतंय. कन्नडमध्ये त्याला ओत्तक्षर म्हणतात. मराठीत जोडाक्षर करताना बहुतेक वेळा पहिलं अक्षर अर्धं होऊन शेजारी बसतं, कन्नडमध्ये दुसरं अक्षर खाली जातं. मराठी वाचायला शिकलेलं मूल तिथंच चुकतं. "मला कन्नड येत नाही" चं "मला ओत्तक्षर वाचता येत नाही" झालं, आणि ते दोन महिन्यांचं काम होतं. तिच्या फोल्डरमध्ये त्या पानाचे आता तीन फोटो आहेत: अकरा गोलांचा, सहा गोलांचा आणि दोन गोलांचा.

आता मुलानं निवडण्याबद्दल. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी एक तास यासाठी ठेवलाय. महिन्याला प्रत्येकानं आपलं एक काम निवडायचं, फोटो काढायचा आणि त्याबद्दल अर्धा मिनिट बोलून ठेवायचं. सुरुवातीला मी विचारायचे, "हे का निवडलंस?" उत्तरं ठरलेली. "छान आहे म्हणून." "बाईंनी गुड दिलं म्हणून." तीन महिने तेच ऐकून मी प्रश्न बदलला. आता विचारते, "हे करताना कुठं अडलास? मग काय केलंस?" लगेच बोलणं बदललं. बैल काढणाऱ्या एका मुलीनं सांगितलं की चारी पाय एका ओळीत आले, म्हणून ती गोठ्यात जाऊन उभी राहिली आणि मागचे पाय कुठून सुरू होतात ते बघून आली. चित्र काही फार सुरेख नव्हतं. त्या अर्ध्या मिनिटात मात्र ती स्वतः कशी शिकते ते तिला सापडलं होतं, आणि पुढच्या वेळी कोंबडी काढायच्या आधीच ती परसात गेली.

यातलं मूळ काही नवीन नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रोजेक्ट झिरो या संशोधन गटानं 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या शाळांत आर्ट्स प्रोपेल नावाचा उपक्रम चालवला, त्यातही पूर्ण झालेल्या कामासोबत कच्चे खर्डे जपायचे आणि मुलांनी त्यावर विचार करायचा, असंच होतं. आपल्या कर्नाटकात सातत्यपूर्ण मूल्यमापनात कृतिसंपुट, म्हणजे मुलाच्या कामांची फाईल, आहेच. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 च्या प्रगतिपत्रकातही मुलाच्या स्वतःच्या मूल्यमापनाला जागा दिलीय. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी कृतिसंपुटाची फाईल शिक्षकच भरतात, त्यात उत्तम तेवढंच लावतात, आणि मूल ती उघडूनही बघत नाही. फोनमध्ये आवाज आणि हालचाल ठेवता येते, फाईलमध्ये नाही. फोनचा खरा फायदा मला तेवढाच दिसतो, पण तो मोठा आहे.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी उत्साहात मी मुलांची निवडलेली कामं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. आठवडाभरात घरोघरी "त्याचं बघ, तुझं बघ" सुरू झालं. जो मुलगा आधी खाडाखोडीची वही निःसंकोच पुढे करायचा, तो ताईकडून चित्र काढून आणायला लागला. मला त्याचं अजून वाईट वाटतं. त्या दिवसापासून फोल्डर मूल, त्याचे आईबाप आणि मी यांच्यापलीकडे जात नाही. पालकसभेला मूल स्वतः शेजारी बसून आईला ऐकवतं, आणि काय ऐकवायचं तेही तेच ठरवतं. कायद्यानंही सावध राहायला हवं: 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. मी जूनमध्येच सही घेते, अंगठा असेल तर वाचून दाखवून.

आता ॲप. सीसॉ लहान मुलांसाठी सोपं आहे, मूल स्वतः फोटो काढून त्यावर बोलू शकतं. गुगल ड्राइव्हवरही भागतं. मी फोनमधली फोल्डरंच वापरते. एप्रिलमध्ये ती पालकांच्या फोनवर घालून देते आणि माझ्याकडची पुसते. वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतील तर सगळ्यांचं एकदम करायला जाऊ नका, आठवड्याला पाच मुलं घ्या. सुरुवात वाचनाच्या रेकॉर्डिंगनं करा, त्याला एका मुलामागे दोन मिनिटं पुरतात. फक्त ते पहिलं, अडखळतं रेकॉर्डिंग चुकूनही काढून टाकू नका. सप्टेंबरात मुलं आधी तेच मागतात.