लहानपणी मणक्याला मार लागला, पुढे काय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी चार प्रश्न एकाच विषयाचे आले म्हणून बाकीचे पुढच्या वेळी घेते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवते, मणक्याला इजा झालेल्या मुलांसोबतच माझं काम असतं.

प्रश्न : ताई, आम्ही रत्नागिरीकडचे. मुलगा 9 वर्षांचा, आंब्यावरून पडला आणि कमरेच्या वर मणका मोडला. ऑपरेशन झालं पण 8 महिने झाले, पाय हलत नाहीत. नातेवाईक म्हणतात स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, 4 लाख सांगितलेत. जमीन विकायची का? शाळा बंद ठेवलीये, म्हटलं आधी चालायला लागू दे.

जमीन विकू नका. मणक्याच्या इजेवर स्टेम सेल हा अजून सिद्ध झालेला उपचार नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या गाइडलाइन्सप्रमाणे असं काही द्यायचं तर फक्त मंजुरी असलेल्या ट्रायलमध्ये (उपचार तपासायच्या प्रयोगात), आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत, त्यामुळे जो 4 लाख मागतोय त्याला तिथेच नमस्कार करा.

चालेल का हे विचारताना तुमचा जीव किती तुटत असेल ते कळतं मला. इजा पूर्ण आहे की अपूर्ण हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. संडासच्या जागेजवळ स्पर्श कळतो का, तिथला स्नायू आवळता येतो का, यावरून ते ठरवतात. अपूर्ण असेल तर सुधारणेची आशा बरीच जास्त असते, पूर्ण असेल आणि 8 महिन्यांत काहीच हललं नसेल तर चालण्याची शक्यता फार कमी, हे मी गोड करून सांगणार नाही.

पण "आधी चालू दे, मग शाळा" हे मात्र मला अजिबात पटत नाही. पाय थांबले तरी पोरगं मोठं होतच असतं, त्याचे मित्र चौथीतून पाचवीत जातात आणि हा खाटेवरून छत बघत राहतो. जयपूरच्या अवनी लेखराचा 2012 मध्ये शाळेच्या वयात कार अपघात झाला, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, शिक्षण थांबलं नाही, वडील शूटिंग रेंजवर घेऊन गेले आणि टोकियो आणि पॅरिस दोन्ही पॅरालिम्पिकला तिने 10 मीटर एअर रायफलमध्ये गोल्ड घेतलं. तुमच्या मुलाने मेडल आणावं असं मी म्हणत नाहीये, त्याने जूनमध्ये वर्गात बसावं एवढंच म्हणतेय.

आणि घरी हे सांभाळा : झोपेत दर 2 तासांनी कूस बदलणं, खुर्चीत दर 15-20 मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचलणं, रोज आरशात पाठ आणि बूड बघणं, कारण त्याला दुखत नाही म्हणून जखम कळत नाही. गरम पाण्याची पिशवी मांडीवर नको, चटका बसलेला कळणारच नाही. वाढ व्हायच्या आधी इजा झालेल्या बहुतेक मुलांचा कणा नंतर बाजूला वाकतो, खुबा सुद्धा निखळू शकतो, त्यामुळे एक्स-रेची फॉलोअप तारीख चुकवू नका, पैसे खर्च करायचेच तर इथे करा.

प्रश्न : मुलगा 14 चा, विहिरीत सूर मारताना मानेला मार लागला. अधूनमधून अचानक डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. डॉक्टरांनी बीपी बघितलं, 130, म्हणाले नॉर्मल.

हे नॉर्मल नाही, याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, म्हणजे बीपी अचानक चढणं. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असली की होऊ शकतं. अशा मुलांचं रोजचं बीपीच 90-100 च्या आसपास असतं, म्हणून 130 त्याच्यासाठी खूप झालं. लगेच उठवून ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा आणि आधी लघवी तुंबलीये का, नळी दुमडलीये का बघा, बहुतेक वेळा कारण तेच निघतं, नाहीतर संडास अडकलेली असते किंवा कुठे जखम असते. थांबत नसेल तर ताबडतोब हॉस्पिटल, कारण बीपी भयंकर वाढून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नेहमीचं बीपी कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा.

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची, व्हीलचेअरवर. सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, मुख्याध्यापक म्हणतात घरूनच शिकवा.

वर्ग खाली आणायला एक रुपया लागत नाही, हे त्यांना लेखी अर्जात लिहा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि इमारत वापरता येईल अशी करायची असं आहे, शिवाय 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. अर्जाची पोच घ्या. रॅम्प करणार असतील तर 1 फूट उंचीला 12 फूट लांबी, बरेच जण 4 फुटांत उरकतात आणि मग त्यावरून पोरगी नाही, फक्त मोटरसायकल चढते. टॉयलेटचं दार आधी मोजा. शाळेत टॉयलेटला जाता येत नाही म्हणून मुली पाणी पिणं सोडतात आणि मग इन्फेक्शन.

प्रश्न : मी 17 ची, सातव्या वर्षी अपघात झाला. अजून आईच कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालते. मला पुण्यात कॉलेज करायचंय, घरचे घाबरतात. लग्न, मूल याबद्दल कोणाला विचारू?

बरं झालं मला विचारलंस. तुझे हात चांगले आहेत ना? मग कॅथेटर तूच घालायचा. 6-7 वर्षांची मुलं शिकतात, तुला पहिले काही दिवस आरसा लागेल, नंतर हाताला सवय होते. दर 4 ते 6 तासांनी, हात धुवून. संडासची वेळ सकाळी नाश्त्यानंतर ठेव, खाल्लं की आतडी हलतात, त्याचा फायदा घे. आईला वाईट वाटेल, दहा वर्षं तिने केलंय, तिच्याशी नीट बोल, आणि शिकताना तिलाच शेजारी बसव.

इजेने मुलींची मूल होण्याची क्षमता सहसा जात नाही. लग्न होऊ शकतं, मूल होऊ शकतं, फक्त डिलिव्हरी मणक्याची इजा माहीत असलेल्या डॉक्टरांकडे करायची. तशीच गर्भनिरोधाची माहितीही आतापासूनच असू दे.

कोल्हापूरच्या नसीमाताई हुरजूक कॉलेजच्या वयात कमरेखाली लुळ्या झाल्या, त्यांनी नोकरी केली आणि 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, तिथे वसतिगृह सुद्धा आहे. तिथल्या माणसांशी बोल, घरच्यांनाही घेऊन जा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी काढ, दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात 5 टक्के जागा राखीव असतात. हॉस्टेल बघायला स्वतः जा, खुर्चीसकट बाथरूममध्ये शिरून बघ, दार लावून बघ, आणि तळमजल्याची खोली लेखी मागून घे.