नवसागरात सागर कुठला?

प्रश्न आलाय, नवसागर आणि पापडखार एकच का, आणि बरोबर शब्द नवसागर की नवसादर? पहिलं लगेच उरकतो. एक नाही. पापडखार सोड्याच्या घराण्यातला, नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड, आणि गुजरीत (सराफबाजारात) सोनार डाग द्यायला वापरतात ती सवागी म्हणजे टाकणखार, ते तिसरंच. पांढरा खडा दिसला की नवसागर म्हणायचं बंद करा राव.

आता शब्द. "नऊ समुद्रांचं मीठ म्हणून नवसागर" हे ऐकून कान किटले. अहो आपल्याकडं समुद्र सातच मोजतात, हे वरचे दोन कुठनं आणले?

फारसीत नोशादर, हिंदीत नौसादर, आपल्याकडं नवसादर, आणि अनोळखी 'सादर'चा ओळखीचा 'सागर' झाला, इतकंच. खरी मजा पुढं आहे. पहलवीत, म्हणजे जुन्या काळच्या फारसीत, अनोश म्हणजे अमर, आदुर म्हणजे आग, तर ही 'अमर आग' अशी व्युत्पत्ती काहीजण मांडतात आणि मला ती शंभर टक्के पटते (आतषबाजीतला आतष ह्या आदुरचाच भाऊ). कारण बघा, मध्य आशियातल्या समरकंदच्या पूर्वेकडच्या डोंगरांत जमिनीखाली कोळशाचे थर पेटलेत ते विझतच नाहीत, आणि त्यातनं निघणारी वाफ फटींच्या तोंडाशी गार होऊन हा क्षार धरतो, जुन्या अरबी भूगोलकारांनी लिहूनच ठेवलंय की तिथं दिवसा धूर आणि रात्री जाळ दिसतो. क्षारपण तसलाच, तापवला की वितळायच्या आधी अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईडमध्ये फुटतो, गार झाला की परत जुळून पांढरा. कल्हईवाला तापल्या भांड्यात पूड टाकतो तेव्हाचा लोट तो हाच, त्यातलं आम्ल तांब्यावरचा काळा थर खातं म्हणून कथील धरतं.

संस्कृतवाले लगेच म्हणणार, नवसार आमचा, फारसीनं उचलला. बरं, 'सार' समजला, 'नव' कशाचा? नवा की नऊ? रसशास्त्राच्या (पारा-धातूंच्या औषधविद्येच्या) ग्रंथांत कुठं नवसार तर कुठं नरसार, घरचा शब्द असा डळमळत नाही. आणि त्याच ग्रंथांत हा वीटभट्टीत तयार होतो असं दिलंय, म्हणजे तिथंपण आगच की! लॅटिनमध्ये ह्याला इजिप्तच्या अमोन देवाचं मीठ केलं, अमोनिया हे नाव त्यातनंच आलं, पण इजिप्तवाले तो काढायचे उंटाच्या जाळलेल्या शेणाच्या काजळीतनं.

लिहिताना दोन्ही चालतंय. दुकानात मात्र नवसागरच मागा, नवसादर म्हटलं तर तो नुसता तोंडाकडं बघत बसंल.