एकही दिवस चुकला नाही, मग आकडा खाली का येत नाही?

प्रश्न : बाळाला माझ्याकडूनच एचआयव्ही झाला. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे ठिपके कार्डावर घेतले, तेव्हा कळलं. अडीच महिन्यांचा असल्यापासून औषध चालू आहे. तेव्हा वजन साडेचार किलो होतं, आता नऊ महिन्यांचा आहे, सात किलो. एकही दिवस चुकवला नाही, तरी पहिला व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ४,२०० आला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. सासूबाई म्हणतात, पोर गुटगुटीत आहे, कशाला घाबरतेस? औषध लागू पडत नाहीये का?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, एवढ्यावरून औषध लागू पडत नाही असं मी म्हणणार नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तात सुरुवातीला विषाणू फार असतो, लाखांच्या घरात, आणि उतरायलाही वेळ लागतो. पण आकडा १,०००च्या वर आहे, तेव्हा सोडूनही द्यायचं नाही. रक्तात विषाणू असतानाही बाळ काही काळ असंच हसतंखेळतं राहतं, हे सासूबाईंना समजावून सांगा.

मला तुमच्या पत्रातलं वजन खटकलं. एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्रॅविर या औषधाची पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी चालू असेल, तर सहा किलोच्या आत रोज अर्धी लागते आणि सहा किलो झाले की थेट दीड. तिप्पट! हा बदल राहून गेला असेल, तर रोज देऊनही औषध कमीच पडणार. स्वतःहून मात्र वाढवू नका. बाळाचं उपचाराचं कार्ड घेऊन या आठवड्यातच एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, जा.

दुसरं, पाजता कसं? माझ्याकडे एक आजी नातवाला घेऊन यायच्या. एकदा म्हटलं, आजी, इथंच पाजून दाखवा. त्यांनी गोळी दुधाच्या बाटलीत टाकून हलवली. बाळ निम्मं पिऊन झोपलं. तळाशी पांढरा गाळ तसाच. आजींनी बाटली बेसिनमध्ये विसळली. त्यांचाही एक दिवस चुकलेला नव्हता. गोळी दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळू द्या, लगेच पाजा, मग त्याच वाटीत थोडं पाणी फिरवून तेही पाजा.

आणि लोहाचं सिरप? सहा महिन्यांनंतर आशाताई ते देतात, द्यायलाच हवं. पण लोह आणि कॅल्शियममुळे हे औषध पोटातून रक्तात नीट उतरत नाही. आधी हे औषध, दोन तासांनी लोह. लोह आधी दिलं गेलं, तर मध्ये सहा तास जाऊ द्या.

हे सगळं नीट करूनही तीन महिन्यांनी आकडा १,०००च्या वर राहिला, तर डॉक्टर औषध बदलण्याचा विचार करतील. म्हणून ती तारीख चुकवू नका. अंगावर पाजत असाल तर पाजत राहा, आणि तुमची स्वतःची गोळीही रोज घ्या.

सेंटरला जाताना गोळ्या, वाटी, लोहाची बाटली सगळं पिशवीत घ्या. समुपदेशक ताईंसमोर बाळाला एकदा पाजून दाखवा.