चाचांच्या वहीतली गावं

प्रश्न: सेलू तालुक्यात (जि. परभणी) माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. ज्यांच्या हाताखाली 14 वर्षं शिकलो ते आमचे चाचा पोळ्याच्या आधी गेले. वयानं बापाएवढे, पण वागवायचे दोस्तासारखं. त्यांच्या मुलानं त्यांची वाइंडिंगची वही मला आणून दिली. त्यात एकाच कंपनीच्या 5 एचपी मोटारीला कुठं 48 टर्न (तारेचे वेढे), कुठं 44 आणि तार एक नंबर जाड. प्रत्येक नोंदीपुढं गावाचं नाव, शेजारी 340, 390 असे आकडे. याचा अर्थ काय लावू? आणि त्यांच्यासाठी दुकानात फोटो लावावा की दुसरं काही करावं?

उत्तर: तो 340, 390 चा आकडा त्या गावचं व्होल्टेज आहे. माझे उस्ताद, लातूरचे नाना, हेच करायचे, म्हणून वाचताक्षणी ओळखलं.

डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या शेतात, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की 415 चं व्होल्टेज पार उतरतं. ते 300 वर आलं की मोटारीची ओढ निम्मीच उरते. पाणी तर तेवढंच उचलायचं असतं, मग ती करंट जास्त खाते आणि जळते. टर्न कमी केले की कमी व्होल्टेजवर ओढ टिकते, आणि मोटारीत तार बसते त्या खाचेत जी जागा सुटते तिथं जाड तार बसते. जास्तीचा करंट ती तार सोसते. पण हीच मोटार डीपीजवळच्या शेतात नेली, तर रात्री व्होल्टेज चढल्यावर नुसतीच तापेल. म्हणून 44 चा आकडा 390 च्या गावाला लावू नका. आणि 340 च्या गावातही आता नवा डीपी बसला असेल. आधी मीटर लावून बघा, लाईट दिवसाची की रात्रीची तेही विचारा. चाचांनी विचारलं होतं, म्हणून तर लिहिलं.

नाना गेले त्याला आता 20 वर्षं होऊन गेली. जळकी मोटार उघडली की पक्कड हातात घेऊ द्यायचे नाहीत. “आरं, आदी वाच तिला. समद्या कॉइली काळ्या म्हंजी लोड नाहीतर व्होल्टेज. स्टार जोडणीमधी दोन फेज काळे आन एक कोरा, मंग तिनातला एक फेज उडाला व्हता.” मग शेतकऱ्याला म्हणायचे, पाटील, मोटार भरून देतो, पण आधी डीपीवरचा फ्यूज बघून या, नाहीतर आठ दिवसांनी परत याल. गिऱ्हाईक परत येऊ नये म्हणून धडपडणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. धंदा बेताचाच राहिला, हेही खरं. मी त्यांच्याशी यावरून भांडलोसुद्धा होतो. नंतर माझ्या पहिल्या दुकानाचं डिपॉझिट त्यांनीच भरलं, बायकोला न सांगता.

वहीचं म्हणाल तर पेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर ते पुसट होतं, आजच पानापानाचे फोटो काढा, एक प्रत मुलाला द्या. आणि नवी वही करू नका. चाचांची शेवटची नोंद आहे, त्याखालच्या ओळीपासून लिहायला लागा, गावासकट.

फोटो लावाच. फक्त वार्निश वाळवायच्या भट्टीजवळ नको. नानांच्या फोटोला आम्ही प्लास्टिकचा हार घातला होता, तो महिनाभरात वितळला.