गावकीने वाळीत टाकलंय, पोलीस म्हणतात आपसात मिटवा. सामाजिक बहिष्काराच्या कायद्याचा खरंच उपयोग होतो का?

होतो. पंच तुरुंगात गेलेले पाहायचे असतील तर मात्र निराशा होईल. दळण, पाणी, पालखी, मयत ही रोजची अडलेली कामं सुरू व्हावीत एवढंच हवं असेल, तर कायदा नीट वापरल्यावर उपयोगी पडतो, हे मी पाहिलंय.

तुम्ही लिहिलंय की रायगडमधल्या तुमच्या वाडीत भावाने जातीबाहेर लग्न केलं, गावकीने एकवीस हजारांचा दंड मागितला, तुम्ही तो दिला नाही, आणि तेव्हापासून घर वाळीत आहे. ठाण्यातून परत पाठवलं. काका म्हणतात दंड भरा नि मोकळे व्हा. मी महाडकडचा. नोकरी सांभाळून अशा घरांना अर्ज लिहून देणं आणि ठाण्यात सोबत जाणं हे बरीच वर्षं करतोय. वकील नाही, त्यामुळे कोर्टातलं वकिलालाच विचारा. ठाण्याच्या पायरीपर्यंतचं मी सांगतो.

आधी कायद्याचं पूर्ण नाव पाठ करा, कारण ठाण्यात बऱ्याचदा तेच माहीत नसतं: महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला, राष्ट्रपतींची संमती मिळून ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो, कोर्टात जा’ असं सांगून तुमची बोळवण करता येत नाही. जामीनपात्रही आहे. म्हणजे पंच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येणार आणि तुमच्या दारावरून मुद्दाम मोठ्याने बोलत जाणार. याची मनाची तयारी आधीच ठेवा. बरीच घरं पहिल्या तक्रारीनंतर खचतात ती याच आठवड्यात.

कायद्यात बहिष्कार कशाला म्हणायचं याची लांबलचक यादी आहे. लग्न-मयत अडवणं, देवळात किंवा पूजेला येऊ न देणं, स्मशान, समाजमंदिर, शाळा, दवाखाना वापरू न देणं, देणंघेणं तोडणं, अमुकच पोशाख घाला म्हणून सक्ती करणं, सगळं त्यात येतं. जातपंचायत नोंदणीकृत असो नसो, तिचं नाव काहीही असो, फरक पडत नाही. त्यामुळे ‘आमची गावकी आहे, जातपंचायत नाही’ हा कोकणातला आवडता बचाव चालत नाही.

आता मुख्य अडचण. गावकी कधीच काही लिहीत नाही. ‘अमक्याला वाळीत टाकलं’ असा ठराव तुम्हाला कुठे सापडणार नाही. देवळात बैठक होते, नारळावर हात ठेवून शपथ होते, आणि सकाळपासून लोक बोलायचे बंद. पोलीस विचारतात, पुरावा काय? तुमच्याशी कोणी बोलत नाही हा काय पुरावा झाला का?

पण गावकी ठराव लिहीत नसली तरी पैसा लिहितेच. हे नीट ध्यानात ठेवा. एका वाडीत एका बाईची सासू गेली. घर वाळीतलं. तिरडीचे बांबू शेजारच्या गावातून टेंपोने आणावे लागले, खांदा द्यायला नवरा, मुलगा आणि नवऱ्याचे कंपनीतले दोन मित्र. सख्खा पुतण्या रात्री मागच्या दाराने आला आणि म्हणाला, ‘काकी, आलो असतो गं, पण पाच हजार दंड आहे.’ पुढे तपासात त्या मंडळाची हिशोबाची वही हाती आली. शिमग्याचा खर्च, पालखीच्या भोयांचा चहा, मंडपाचं भाडं, आणि त्याच्या मधेच सुंदर अक्षरात एका माणसाचं नाव आणि पुढे ‘बोलल्याबद्दल दंड जमा’. सहीसकट! खजिनदार बिचारा प्रामाणिक, आलेला रुपया न् रुपया लिहायचा. त्या एका ओळीने केसला जेवढं बळ आलं तेवढं दहा जबाबांनी आलं नसतं.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिलं काम ते. तुमची या वर्षीची वर्गणी नाकारली का? नाकारली असेल तर पुन्हा द्यायला जा, दोन बाहेरची माणसं सोबत घेऊन, आणि नाकारली की त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून ठेवा. किंवा सरळ मनीऑर्डरने पाठवा. परत आलेल्या मनीऑर्डरवर पोस्टाचा शेरा असतो, आणि पोस्टमन गावकीचा नसतो. मुंबईच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तुम्हाला काढलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट. कोकणात निम्मी गावकी मुंबईत बसते हे तुम्हाला सांगायला नकोच. गावात तोंडी चाललेला कारभार लालबाग-विरारच्या ग्रुपवर बिनधास्त लिहिला जातो, कारण तिथल्या लोकांना वाटतं आपण लांब आहोत. त्या ग्रुपमधला एखादा भाचा-पुतण्या मनातून तुमच्या बाजूचा असतोच. त्याला साक्षीला उभं करू नका, फक्त मेसेज मागा.

पालखी दारावर न थांबता पुढे गेली तर व्हिडिओ काढा, पण घराच्या आतून. अंगणात उभं राहून मोबाईल रोखलात तर भांडण होईल आणि मग गुन्हा परस्परविरोधी नोंदला जाईल. पोलिसांना ते फार सोयीचं पडतं. दोन्ही बाजूंना नोटिसा दिल्या की काम संपलं.

ठाण्याचं म्हणाल तर ‘आपसात मिटवा’ यामागे दर वेळी द्वेष असतो असं मला वाटत नाही. पोलीस पाटील त्याच गावकीतला, तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष बहुतेक वेळा गावकीचाच कोणीतरी, आणि हवालदाराला गावाची माहिती याच दोघांकडून मिळते. तो त्यांनाच विचारतो, ‘काय रे, बहिष्कार आहे का?’ ते म्हणतात, ‘छे, यांचंच कोणाशी पटत नाही.’ झाला तपास! म्हणून तोंडी सांगू नका. लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच. त्यात भावनांचा पाढा नको. कोणत्या तारखेला, कोणी, कोणासमोर, काय केलं किंवा काय नाकारलं, एवढंच, एकाखाली एक. पंचांची नावं पूर्ण लिहा. ‘समस्त ग्रामस्थ’ असं लिहिलंत तर आरोपी कोणीच नाही. आणि उलट, रागाच्या भरात अख्ख्या वाडीची नावं घातलीत तर उद्या जी चार घरं तुमच्याकडे वळली असती तीही शत्रू होतील. बैठक बोलावणारे, दंड ठरवणारे, वसूल करणारे, एवढेच लिहा.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ही सोय आहे), आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. खरं तर या कायद्यात पीडित माणूस किंवा त्याच्या घरचं कोणीही थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाऊ शकतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे तक्रार आईच्या किंवा वहिनीच्या नावाने असेल तर काम सोपं होतं.

अजून एक दार आहे, राज्य मानवी हक्क आयोगाचं, मुंबईत सीएसएमटीसमोर. लोक तिथे गावकीविरुद्ध तक्रार पाठवतात आणि मग म्हणतात काही झालं नाही. आयोग मुख्यतः सरकारी नोकरांनी केलेलं उल्लंघन किंवा ते रोखण्यात त्यांनी केलेली हयगय बघतो. तेव्हा तक्रार पंचांची नको, अर्ज घेऊन गप्प बसलेल्या अधिकाऱ्याची करा. फी नाही, वकील लागत नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत पाठवा. आयोग शिफारसच करतो, शिक्षा देत नाही. तरी आयोगाने अहवाल मागवला की ठाण्यातली फाईल हलते.

एक महत्त्वाचं, जे तुम्ही लिहिलेलं नाही. वहिनी अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे का? आणि पंच त्या समाजाचे नाहीत? तर अट्रॉसिटी कायदाही बघा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे २६ जानेवारी २०१६ पासून, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं किंवा तशी धमकी देणं हा त्यातही गुन्हा आहे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. २०१६ चा बहिष्काराचा कायदा एखाद्या समाजाने आपल्याच माणसाला बाहेर काढण्याबद्दल आहे. तुमच्या घरात दोन्ही लागू पडू शकतात, पण कोणाच्या नावाने कोणती तक्रार, हे वकिलासमोर बसून ठरवा.

इतकी साधी गोष्ट कायद्यात यायला २०१६ का उजाडलं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पूर्वी कायदा होता. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. पंथाला आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा हक्क आहे, बहिष्कार त्यातच येतो, असा बहुमताचा निकाल. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा एकटे विरोधात होते. त्यानंतर पंचावन्न वर्षं वाळीत टाकलेल्या माणसाला धमकी, खंडणी, दोन गटांत तेढ असल्या कलमांची ठिगळं जोडून लढावं लागलं. (जुन्या निकालाचा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला.)

नवा कायदा आला तो लोकांनी रेटल्यामुळे. २०१३ मध्ये नाशकात आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीला तिच्या बापानेच मारलं. मागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंनिसमार्फत (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) जातपंचायतीला मूठमाती अभियान तेव्हा सुरू केलं, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. अभियान थांबलं नाही. नाशिकचे कृष्णा चांदगुडे आणि बाकीचे कार्यकर्ते गावोगावी पंचांसमोर जाऊन बसत राहिले. भटक्या जमातींच्या पंचायती मढीच्या कानिफनाथ यात्रेत भरायच्या, तिथपर्यंत हा विषय गेला. कायदा आल्यानंतरही कंजारभाट समाजातल्या विवेक तमायचीकर आणि इतर तरुणांनी कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला तेव्हा त्यांच्याच लोकांनी त्यांच्यातल्या काहींना मारहाण केली. तुमच्या जिल्ह्यात अंनिसची शाखा असेल तर आजच फोन करा. बाहेरची चार माणसं तुमच्या ओटीवर बसलेली दिसली की गावकीचा सूर खाली येतो, हा माझा अनुभव. सगळ्या अर्जांपेक्षा याचा परिणाम लवकर दिसतो.

आता काकांचं. दंड भरू नका. तुमची परिस्थिती नाही म्हणून सांगत नाही. एकवीस हजार भरून घर आत घेतात, आणि पुढच्या वर्षी मुलाच्या बारशाला वहिनीच्या माहेरचे आले की पुन्हा बैठक. भरल्यावरही वहिनीला देवळात घेतील का, हे काकांनी पंचांना विचारलंय का? विचारायला सांगा, उत्तर ऐकण्यासारखं असेल. काकांनी तुमच्या नावाने आधीच काही रक्कम दिली असेल तर तेही अर्जात लिहा, लपवू नका.

मिटवायचंच असेल तर गुन्हा नोंदल्यानंतर मिटवा. तुमची संमती आणि कोर्टाची परवानगी असली की या कायद्यात तडजोड होते, आणि कोर्ट पंचांना समाजसेवा करायला लावू शकतं. मी पाहिलेल्या घरांपैकी ज्यांचं नीट मिटलं त्यांचं बहुधा असंच मिटलं. त्या तडजोडीत दोन गोष्टी मागा: बहिष्कार उठवल्याचं लेखी, आणि तुमच्याशी बोलल्याबद्दल ज्यांनी दंड भरला त्यांचे पैसे परत. दुसरी मागणी विसरू नका. वाडीतली निम्मी माणसं दंडाच्या भीतीने गप्प आहेत, आणि ते पैसे तुमच्यामुळे परत मिळाले तर पुढच्या बैठकीत नारळावर हात ठेवायला तीच का-कू करतील.

शिमगा जवळ असेल तर मुख्य तक्रारीची वाट न बघता तहसीलदारांना वेगळा अर्ज द्या. पालखीच्या दिवशी अडवणूक आणि भांडण होण्याची भीती आहे, पंचांकडून बंधपत्र घ्यावं, एवढाच मजकूर. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली येतं, गावात ‘चॅप्टर केस’ म्हणतात ते हेच. सोबत जिल्हाधिकाऱ्यांना प्रत पाठवा, कारण बहिष्कार टाकण्यासाठी बैठक भरणार असल्याचं कळलं तर ती रोखण्याचा अधिकार त्यांना या कायद्याने दिलाय. तालुका कोणता ते कळवा, अर्जाचा मसुदा पाठवतो. पंचांची नावं मात्र इथे लिहू नका.