महिना तीन डॉलर

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तासिका तत्त्वावरचे पैसे चार महिने थकलेत, घरी रोज बोलणी बसतात, आणि पुण्यात कंपनीत ओळखीने काम लागतंय. शिकवणं सोडलं तर सर रागावतील का, असं शेवटच्या ओळीत विचारलंयस. नाही रागावणार. मीही सात वर्षं बिनपगारी मास्तरकी केलीय, त्यातली दोन पहाटे दुधाच्या पिशव्या टाकून. उपाशी माणसाला त्यागाच्या गोष्टी सांगणारे मला तेव्हाही आवडत नव्हते. पण पुण्याची गाडी पकडण्याआधी एका माणसाबद्दल वाच. त्यानेही शिकवणं सोडलं होतं.

डॅनियल पेन. जन्म 1811, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन शहर. काळ्या माणसांचं घर, पण गुलामीतलं नव्हे. दहा वर्षांचा होण्याआधी आईबाप गेले, पोरगा सुतारकामाला लागला. त्या दिवसांचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय: काम सुटल्यावर रात्री बारापर्यंत वाचन. उशाशी चकमक, पोलाद आणि मेणबत्ती. चारला उठून ठिणगी पाडायची, सहापर्यंत अभ्यास, मग पुन्हा रंधा. पुस्तकांच्या पैशासाठी टेबलं, बाकं नि कपडे वाळत घालायच्या घोड्या करून शनिवारी रात्री बाजारात विकायचा.

1829 साली त्याने शाळा काढली. दिवसा तीन मुलं, रात्री तीन मोठी माणसं, तीही गुलाम. माणशी पन्नास सेंट, म्हणजे महिना तीन डॉलर. तेवढ्यात पोट भरेना. एक गुलाम बाई त्याची नड भागवायची म्हणून तगला. वर्षाच्या शेवटी कंटाळून त्याने शाळा बंद केली आणि वेस्ट इंडीजला निघालेल्या एका श्रीमंताकडे नोकरी मागायला गेला. हा गृहस्थ गुलाम बाळगणारा. बोलता बोलता तो म्हणाला, मालक आणि गुलाम यांच्यात फरक कशाचा असतो ठाऊक आहे? फक्त जास्त ज्ञानाचा. पेनने ते ऐकलं, नोकरी नाकारली आणि परत येऊन शाळा उघडली. तुला आता फुल्यांची ओळ आठवली असेल. मलाही आठवली. फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा हाच पेन तिकडे ओहायोत विद्यापीठ चालवत होता.

मला जास्त मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. दुसऱ्या खेपेला शाळा साठेक मुलांपर्यंत गेली, कारण मास्तर स्वतः शिकायला बसला होता. भूगोल, वनस्पती, प्राणी, ग्रहतारे, सगळं गुरूवाचून. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि काही आठवडे अक्षर धड दिसेना. एकदा जिवंत मगर विकत आणली, मारली आणि आतडी हलायची थांबेपर्यंत तिची आतली रचना पाहत बसला. (वाचताना मला शहारा आला. तू हा प्रयोग करू नकोस.) तुझ्या पत्रात पगार आहे, हेडमास्तर आहेत, एसटीचा पास आहे. वर्षभरात तू स्वतः काय वाचलंस, याचा मात्र एक शब्द नाही. खटकलं ते हेच. कंपनीत जायचं तर खुशाल जा, पण उशाशी मेणबत्ती असू दे.

1834 च्या डिसेंबरात त्या राज्याने कायदा केला. गुलामाला अक्षर शिकवणाऱ्या मुक्त काळ्या माणसाला पन्नास फटके आणि पन्नास डॉलर दंडापर्यंत शिक्षा. 1835 च्या वसंतात शाळा मिटली. पेन उत्तरेला गेला, गेटिसबर्गला ल्यूथरन पाठशाळेत शिकला, 1839 मध्ये पाद्री झाला. पुढे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल या काळ्या लोकांच्या स्वतःच्या चर्चमध्ये आला आणि 1852 मध्ये बिशप, म्हणजे तिथला वरिष्ठ धर्माधिकारी झाला. धर्मोपदेशकांनी आधी स्वतः शिकलं पाहिजे, असा त्याचा धोशा. त्यावरून आपल्याच माणसांची बोलणी खाल्ली.

काही बाबतींत ती खायलाच हवी होती. गोल धरून टाळ्या वाजवत गायची गरिबांची भजनं त्याला अडाणीपणा वाटायची, ती तो बंद पाडू पाहायचा. तिथे तो चुकला, असं माझं मत. त्यांचीच गाणी पुढे जगाने कान देऊन ऐकली. तूही मागच्या पत्रात मुलांच्या आया ‘काहीच कळत नसलेल्या’ म्हणून लिहिलं होतंस. त्यांच्यातल्या एकीला जात्यावरच्या किती ओव्या येतात, विचारून बघ.

आता मघाशी म्हटलेलं ते विद्यापीठ. नाव विल्बरफोर्स, ओहायोत झीनिया गावाजवळ. 1856 चं, यादवी युद्धात पैसा आटला आणि 1862 मध्ये बंद पडलं. 1863 च्या मार्चमध्ये जागा विकायला निघाली, तेव्हा पेनने आपल्या चर्चच्या वतीने दहा हजार डॉलरला ती घेतली. त्या क्षणी त्याच्याजवळ दहा डॉलरची नोटही नव्हती, असं तो सांगतो. अमेरिकेतल्या विद्यापीठाचा पहिला काळा अध्यक्ष, आपल्या भाषेत कुलगुरू, तो असा झाला. दोन वर्षांनी, 14 एप्रिल 1865 ला, लिंकनवर गोळी झाडली त्याच दिवशी, विद्यापीठाची मुख्य इमारत जळून गेली. पुढच्याच महिन्यात तो चार्ल्सटनला होता. शाळा मिटून निघाल्याला तीस वर्षं झाली होती, आणि आता तिथे शिकवण्यावर कुणाची बंदी नव्हती. इकडे जळलेली इमारत पुन्हा उभी केली, 1876 पर्यंत तिथे अध्यक्ष राहिला.

रविवारी ये. थकलेल्या मानधनाचे कागद बरोबर आण, शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज आपण दोघं मिळून लिहू. कंपनीचं पत्रही आण. पगारातून घरभाडं वजा जाऊन हातात काय उरतं ते मांडू. आणि तुझ्याकडे पडलेलं माझं ते वनस्पतींचं जाड पुस्तक आहे ना, ते मात्र आणू नकोस. तुझ्याकडेच असू दे.

तुझा,
सर