नॉमिनीकडून फ्लॅट घेताय? टोकनच्या आधी वारसांच्या सह्यांचं बघा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय. दहिसरचा वन बीएचके, मूळ मालक वडील वारलेले, मुलगा नॉमिनी (वडिलांनी सोसायटीला लिहून दिलेलं नाव), शेअर सर्टिफिकेटवर म्हणजे सोसायटीच्या मेंबरशिपच्या दाखल्यावर आता त्याचंच नाव, आणि एजंट म्हणतोय की सोसायटीने नाव चढवलंय, एनओसी मिळतेय, मग पाच लाख टोकन, म्हणजे बुकिंगची आगाऊ रक्कम, देऊन मोकळे व्हा. मुलुंडला आम्ही फ्लॅट घेत होतो तेव्हा अगदी हेच ऐकलं होतं. टोकन देऊ नका, निदान खाली लिहिलंय ते होईपर्यंत तरी नको.

इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा उतारा), ओसी (इमारतीचा भोगवटा दाखला), मेंटेनन्सची थकबाकी हे सगळं तुम्ही बघितलं असेलच, त्यात शिरत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मेंबर गेल्यावर सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, बिल कोणाच्या नावाने काढायचं, तेवढ्यापुरतं ते नाव असतं. २०१६ साली सुप्रीम कोर्टाचा इंद्राणी वाही निकाल आला तेव्हा बऱ्याच कमिट्यांनी असा अर्थ काढला की नॉमिनीला मेंबर केलं की फ्लॅट त्याचाच. पण त्याच निकालात बाकीच्या वारसांना आपला हक्क मागायची मोकळीक ठेवलेली आहे. पुढे २०१९ ला आपल्या सहकार कायद्यात कलम १५४ब-१३ आलं, त्यात तर स्पष्टच आहे की खरे हक्कदार मेंबर होईपर्यंत नॉमिनी हा फक्त तात्पुरता मेंबर.

आमच्या विक्रेत्याच्या सोसायटीने हे काही पाळलंच नव्हतं. शेअर सर्टिफिकेटच्या मागे ट्रान्सफरचा तक्ता असतो बघा, तारीख, ट्रान्सफर नंबर, नाव, बाजूला चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या, त्यात मुलाचं नाव फ्लॅट विकत घेतल्यासारखं सरळ चढवलेलं, नॉमिनेशनचा न पण नाही. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, वडिलांकडून मुलाकडे फ्लॅट कुठल्या रजिस्टर्ड कागदाने आला? तर तसा कागदच नव्हता. दोन बहिणी, थोरली ठाण्याला, धाकटी इंदूरला, त्यांच्याकडून सोसायटीने काही लिहून घेतलंय का हे फक्त ट्रान्सफरच्या फाइलवरून कळणार होतं आणि ती फाइल दाखवायला कमिटी तयार नाही. सेक्रेटरी म्हणणार चेअरमन गावाला गेलेत, चेअरमन म्हणणार मॅनेजरकडे अर्ज द्या, मॅनेजर अर्ज ठेवून घेणार पण पोच देणार नाही, आणि परत विचारायला गेलं की तुम्ही मेंबर नाही, तुम्हाला कशाला दाखवायची. यात आख्खा पावसाळा गेला, लोनच्या सँक्शन लेटरची मुदत संपली, नवीन सँक्शन वाढीव व्याजदराने मिळालं आणि तोवर भाड्याच्या घराचं भाडं चालूच. शेवटी विक्रेत्याने स्वतः मेंबर म्हणून लेखी अर्ज केला, त्याची प्रत वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे दिली, तेव्हा फाइल उघडली. आत काय, मुलाचा एक इन्डेम्निटी बाँड (पुढे नुकसान झालं तर मी भरून देईन असं हमीपत्र) आणि डेथ सर्टिफिकेटची झेरॉक्स, बस. बहिणींना तर कोणी काही विचारलंच नव्हतं! त्यांचा विरोधही नव्हता, दोघींनी येऊन सह्या केल्या. पहिल्याच आठवड्यात ती फाइल दाखवली असती तर कोणाचंच काही बिघडलं नसतं, याचा मला आजही संताप येतो.

तर तुम्ही काय करा. विक्रेत्याकडून वडिलांच्या वारसांची पूर्ण यादी लेखी घ्या. हिंदू कुटुंब असेल आणि मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली (लग्न झालेल्यासुद्धा) आणि वारलेल्या माणसाची आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. आई हयात असेल तर तिलाही हिस्सा असतो, हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही. एखादा मुलगा वडिलांच्या आधीच वारला असेल तर त्याची बायको-मुलं येतात, आणि त्यातलं कोणी अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याचा हिस्सा घेऊच नका, सज्ञान झाल्यावर ते मूल व्यवहार रद्द करून मागू शकतं.

यादी झाली की दोन रस्ते आहेत. बाकीच्यांनी मुलाच्या नावे रजिस्टर्ड हक्कसोड पत्र करायचं किंवा सगळ्यांनीच तुमच्या ॲग्रीमेंटवर विक्रेते म्हणून सह्या करायच्या. माझं मत विचाराल तर दुसरा, कारण पैसे कोणाला किती गेले ते कागदावर राहतं आणि उद्या कोणी फसवलं म्हणून उभं राहत नाही. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेली "आमची हरकत नाही" वाली चिठ्ठी एजंट पुढे करेल, ती चालणार नाही, जागेवरचा हक्क सोडायचा तर कागद रजिस्टरच व्हावा लागतो. कोणी परदेशात असेल तर पॉवर ऑफ ॲटर्नी तिथून भारतीय वकिलातीकडून अटेस्ट करून येते, पण इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची असते, ते विसरू नका.

विक्रेते जास्त झाले की टीडीएसचा (विक्रेत्याला पैसे देताना आपण कापून सरकारकडे भरायचा कर) घोळ होतो म्हणून सांगून ठेवते. प्रत्येकाचा हिस्सा पन्नास लाखांच्या आत आहे म्हणून टीडीएस नको, हे आता चालत नाही, १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमत धरतात. एक टक्का कापायचा आणि प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा भरायचा. एनआरआय वारसाला हा एक टक्का लागू नाही, तिथे सीएलाच विचारा.

जाहीर नोटीस तुमच्याच वकिलाकडून द्या, एक मराठी पेपर, एक इंग्रजी, साधारण चौदा दिवसांची मुदत. पण नोटिशीला कोणी उत्तर दिलं नाही म्हणजे वारसाचा हक्क संपला असं नाही, तो सहीनेच संपतो. सर्च काढणाऱ्याला, म्हणजे फ्लॅटच्या जुन्या नोंदी तपासणाऱ्याला, लिस पेंडेन्सची (जागेवर कोर्टात दावा चालू असल्याची) नोटीसही बघायला सांगा, मुंबईतल्या जागेवर दावा चालू असेल तर ती रजिस्टर करायची तरतूद आहे.

मी वकील नाही, मृत्युपत्र असेल किंवा धर्म वेगळा असेल तर वरचं बरंच बदलतं, त्यामुळे कागद वकिलाला दाखवाच, फक्त तो एजंटने आणलेला नको. आणि टोकन द्यायचंच झालं तर छोटी रक्कम, चेकने, आणि सोबत विक्रेत्याच्या सहीचं पत्र की सर्व वारसांच्या सह्या ठरलेल्या तारखेपर्यंत झाल्या नाहीत तर पूर्ण पैसे परत. ते पत्र द्यायला तो टाळाटाळ करायला लागला तर दुसरा फ्लॅट बघा, दहिसरला वन बीएचके काही कमी नाहीत.